उत्पन्नाच्या दाखल्यात न मावणारी गरिबी

महाराष्ट्रात गरीब कोण, या प्रश्नाला शासनाच्या दप्तरात एक उत्तर नाही. पिवळ्या शिधापत्रिकेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १५ हजार रुपये. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबात बसायचे तर ग्रामीण भागात ४४ हजार, शहरात ५९ हजार. विधवेला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे हवे असतील तर २१ हजार. २०२४ मध्ये आलेल्या लाडकी बहीण योजनेला अडीच लाख, आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणाला आठ लाख. हे सगळे आकडे एकाच राज्यात, एकाच वेळी लागू आहेत आणि त्यांतले बहुतेक सिद्ध करण्याचा मार्ग एकच आहे: तलाठ्याचा अहवाल, तहसीलदाराची सही आणि उत्पन्नाचा दाखला.

यातला २१ हजारांचा आकडा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ या वर्षासाठी दिवसाला ३१२ रुपये ठरली. म्हणजे घरातल्या एकाच माणसाने वर्षात ६८ दिवस काम केले की ते कुटुंब २१ हजारांच्या पुढे जाते आणि कागदोपत्री निराधार राहत नाही. वर्षातले ६८ दिवसही काम न करता जगणारे घर गावात सापडणे कठीण. तरीही लाखो विधवा, परित्यक्ता आणि वृद्ध अशा योजनांचे लाभार्थी आहेत, कारण दाखल्यावर २१ हजारांच्या आतला आकडा लिहिला जातो. अर्ज करणारी बाई, तलाठी, तहसीलदार या तिघांनाही तो आकडा खरा नाही हे ठाऊक असते. मर्यादाच अशी आखली आहे की खरे सांगणाऱ्याच्या हाती काही पडू नये. आणि ज्या बाईच्या ओळखीत आकडा लिहून देणारे कोणी नाही, ती खरोखर गरीब असूनही यादीबाहेर राहते.

राज्यातल्या गरिबीचे चित्र अशा दाखल्यांवर उभे असेल, तर त्यातून धोरण नीट कसे निघणार? दारिद्र्याविषयीची आपली चर्चा वर्षानुवर्षे 'गरीब किती' या मोजणीभोवती फिरत आली आहे. कोणत्या भागातले, कोणत्या समाजातले, कोणत्या वयाचे आणि कोणत्या कामातले माणूस एका आजाराने, एका बुडालेल्या हंगामाने किंवा नवऱ्याच्या मृत्यूने खाली कोसळू शकते, हे विचारणे त्याहून निकडीचे आहे. गरिबी हा माणसांचा कायमचा गट नसतो. तिच्यात माणसे सतत पडत असतात आणि बाहेरही येत असतात. एका दिवशी केलेल्या यादीत ही ये-जा दिसत नाही.

मोजणीचा इतिहास मात्र याच मातीतला आहे आणि तो अभिमानाने सांगावा असा आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत एकेकाळी शिकवणाऱ्या दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ च्या आकडेवारीवरून हिंदुस्थानचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये काढले. जगायला किमान किती लागते हे ठरवण्यासाठी त्यांनी तुरुंगातल्या कैद्यांच्या शिध्याचा आधार घेतला. हिशेब निघाला तो असा की कैद्यावर सरकार जेवढा खर्च करते, तेवढेही मोकळ्या रयतेला मिळत नाही. पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशाला हादरवणारा अभ्यास मांडला. माणसाला दिवसाला २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च त्यांनी आधार धरला. १९६०-६१ च्या किमतींनी तो खेड्यात दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये भरत होता. या कसोटीने ग्रामीण भागातली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली जवळजवळ निम्मी माणसे दारिद्र्यात होती.

त्यानंतर रेषा सरकत राहिल्या. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी देशातली ग्रामीण रेषा माणशी दरमहा ८१६ रुपये आणि शहरी १००० रुपये झाली, रंगराजन समितीने ती ९७२ आणि १४०७ पर्यंत नेली. पहिल्या रेषेने देशात २१.९ टक्के गरीब, दुसरीने २९.५ टक्के. एकाच वर्षातली माणसे, एकच पाहणी, पण रेषा काही रुपयांनी वर गेली आणि गरिबांत कोट्यवधींची भर पडली. याचा अर्थ उघड आहे. तेवढी माणसे दोन रेषांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात उभी होती. त्यांच्या रोजच्या जगण्यात आणि रेषेखालच्यांच्या जगण्यात फारसा फरक नव्हता. २०१७-१८ च्या खर्च पाहणीचे निष्कर्ष केंद्राने प्रसिद्धच केले नाहीत, आणि २०११-१२ नंतर देशाला नवी अधिकृत दारिद्र्यरेषा मिळालेली नाही.

या सगळ्या रेषा खर्चावर बेतलेल्या आहेत, उत्पन्नावर नाहीत. त्याला कारणही आहे. शेतकरी, फेरीवाला, मजूर यांचे उत्पन्न महिन्यामहिन्याला बदलते, त्यामुळे त्यांना ते नेमके सांगता येत नाही, खर्च सांगता येतो. पण खर्चाने एक गोष्ट झाकली जाते. दवाखान्याचे बिल भागवायला सावकाराकडून कर्ज काढले की त्या महिन्यात त्या घराचा खर्च वाढलेला दिसतो. पाहणीच्या हिशेबात ते घर सुधारल्यासारखे दिसते, प्रत्यक्षात ते बुडत असते.

नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक वेगळे मोजतो: पोषण, शाळा, स्वयंपाकाचे इंधन, वीज, बँक खाते वगैरे. त्याप्रमाणे महाराष्ट्रातल्या गरिबांचे प्रमाण २०१५-१६ मधल्या १४.८ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७.८ टक्क्यांवर आले. ही प्रगती खरी आहे, आणि ज्या घरात वीज आली, चूल सुटली तिथल्या बाईला तिचे मोल विचारावे. पण गॅसची जोडणी आणि बँकेचे खाते एकदा आले की ते घरातच राहते, उत्पन्न मात्र राहत नाही. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ साठी ४८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात तो त्याच्या बराच खाली विकला गेला, तेव्हा मराठवाड्यातल्या घराघरांत वर्षाची मिळकत आटली. निर्देशांकाच्या तक्त्यात त्या घरांची खूण हलली नसेल.

युरोपीय संघातले देश दरवर्षी एक वेगळा आकडा काढतात. देशातल्या मधल्या कुटुंबाचे जे खर्चायोग्य उत्पन्न असते, त्याच्या ६० टक्क्यांपेक्षा कमी उत्पन्नात किती लोक राहतात, हे ते पाहतात. मग तो आकडा वयाने, लिंगाने, कुटुंबाच्या प्रकाराने, रोजगाराने आणि प्रदेशाने उलगडतात. जर्मनीत ब्रेमेन वर्षानुवर्षे सर्वांत वाईट आणि बव्हेरिया सर्वांत बरा दिसतो. बेरोजगार आणि एकट्याने मुले वाढवणारे पालक यांची टक्केवारी मात्र सरासरीच्या कितीतरी वर असते, ते कुठल्याही राज्यात राहत असोत. हे माप जसेच्या तसे महाराष्ट्रात आणणे चूक ठरेल. जिथे मधल्या कुटुंबाचेच उत्पन्न तुटपुंजे आहे, तिथे त्याच्या ६० टक्के म्हणजे पोटाला पुरेल याची खात्री नाही. पण प्रदेश आणि समाजगट यांची जोखीम एकाच तक्त्यात, दरवर्षी, जाहीरपणे मांडण्याची शिस्त घेण्यासारखी आहे. आपल्याकडे या दोन गोष्टी कायम वेगवेगळ्या फायलींत राहिल्या.

गंमत नव्हे, दुर्दैव असे की दोन्ही फायली एकाच माणसाच्या हाताखालून गेल्या. दारिद्र्यरेषेचा पाया घालणारे दांडेकर १९८३ मध्ये राज्याच्या प्रादेशिक असमतोलावरील समितीचे अध्यक्ष झाले. त्यांच्या समितीने रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने यांतला ३१८६ कोटी रुपयांचा अनुशेष मोजला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा साडेतेवीस टक्के. १९९४ मध्ये राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) नुसार वैधानिक विकास मंडळे आली, २०१३ मध्ये विजय केळकर समितीचा अहवाल आला, आणि २०२० मध्ये मंडळांची मुदत संपली. या साऱ्या वाटचालीत धरणे, कालवे, रस्ते यांचा हिशेब झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्या मागास प्रदेशात राहणारे भूमिहीन आणि पुढारलेल्या प्रदेशात राहणारे भूमिहीन, दोघांचाही हिशेब त्या अनुशेषात कुठेच आला नाही.

रायगड जिल्हा घ्या. मुंबईला खेटलेला, बंदर, कारखाने, द्रुतगती मार्ग आणि विमानतळ असलेला. जिल्ह्याच्या सरासरीत हा भाग गरीब दिसत नाही. याच जिल्ह्यातल्या वाड्यांवर कातकरी राहतात. कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासोबत केंद्राने विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या महाराष्ट्रातल्या तीन आदिवासी जमातींपैकी ही एक. बहुतेकांकडे जमीन नाही, अनेकांच्या घराखालची जागाही दुसऱ्याची. पावसाळ्यात शेतमजुरी, मासे, खेकडे, रानभाजी यांवर निभते, आणि घरात दाणा नसतो तेव्हा वीटभट्टीच्या किंवा कोळसाभट्टीच्या मालकाकडून पैसे उचलले जातात. दिवाळीनंतर सगळे बिऱ्हाड, मुलांसकट, भट्टीवर जाते. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षी तोच मालक. जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न वाढत राहिले तरी या वाडीच्या हाताला त्यातले काही लागत नाही.

नंदुरबारची गोष्ट उलटी आहे. तिथे गट आणि प्रदेश एकमेकांत मिसळून गेले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के आदिवासी. २०१५-१६ च्या आकडेवारीवर नीती आयोगाने काढलेल्या पहिल्या निर्देशांकात जिल्ह्यातले निम्म्याहून अधिक लोक बहुआयामी गरीब ठरले, राज्याच्या सरासरीच्या साडेतीन पट. अक्कलकुवा, धडगावच्या डोंगरांतून माणसे गुजरातेत ऊस तोडायला जातात, आणि राज्याची हद्द ओलांडली की त्यांचा दाखला, त्यांची शाळा, त्यांची अंगणवाडी मागे राहते. देशपातळीवरही हेच दिसते. तेंडुलकर रेषेने २०११-१२ मध्ये ग्रामीण भागातले चारपैकी एक माणूस गरीब होते, ग्रामीण आदिवासींमध्ये ४५ टक्के.

बीडचा ऊसतोड मजूर मात्र या दोन्हींहून वेगळा, आणि उत्पन्नाच्या जोखमीचा अभ्यास करायचा तर त्याच्याहून चांगले उदाहरण महाराष्ट्रात नाही. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, केज, धारूर, वडवणी या कोरडवाहू तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. त्यातल्या पुष्कळ जणांकडे दोन-चार एकर जमीन असते, त्यामुळे ते कागदावर शेतकरी. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम एका कोयत्याला आगाऊ उचल देतो, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत ती फेडायची. २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. जोडी दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते, त्यासाठी पहाटे अंधारात फडात उतरावे लागते. एक दिवस चुकला की खाडा: मजुरी तर जातेच, वर दंडाची रक्कम उचलीत चढते.

या व्यवस्थेत आजारपण म्हणजे थेट कर्ज. मासिक पाळीचा त्रास, अंगावरून जाणे, ओटीपोटाचे दुखणे यांवर फडात उपचार नाहीत, पाणी नाही, आडोसा नाही, पण खाड्याचा हिशेब आहे. त्यातून बायकांनी गर्भाशयच काढून घेण्याची वाट धरली, किंवा त्यांना ती दाखवण्यात आली. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती, म्हणजे सहांतली एक. देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. शस्त्रक्रियेचा खर्च अनेकदा मुकादमाच्याच पैशातून, म्हणजे पुढच्या हंगामाच्या मजुरीतून. उत्पन्न बुडू नये म्हणून केलेला उपाय पुढच्या उत्पन्नालाच ओलीस ठेवतो आणि शरीर कायमचे अधू करतो.

आणि ज्या बाईचा नवरा गेला, ती? तिचा पूर्ण कोयता होत नाही, अर्धा कोयता होतो. उचल निम्मी, टोळीत कोणाच्या तरी आधाराने जायचे, मोळी बांधायला आणि गाडी भरायला दुसऱ्याचा हात मागायचा. गरीब प्रदेश, गरीब व्यवसाय आणि त्यात एकटी बाई, अशा जोखमी एकमेकींत मिसळत जातात तेव्हा त्यांची नुसती बेरीज होत नाही. जिल्ह्याची सरासरी सोडाच, ऊसतोड कामगारांची सरासरीसुद्धा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणूनच शासनाने तिच्यासाठी २१ हजारांची अट ठेवावी, हे मनाला फार लागते.

अनिरुद्ध कृष्ण या अभ्यासकाने राजस्थान, गुजरात, आंध्रपासून केनिया, युगांडा, पेरूपर्यंत सुमारे ३५ हजार कुटुंबांचा मागोवा घेऊन २०१० मध्ये एक पुस्तक लिहिले. त्याने गावकऱ्यांनाच विचारले की कोण वर आले, कोण खाली गेले आणि का. एकाच गावात काही घरे वर येत होती आणि त्याच काळात दुसरी खाली जात होती. खाली जाण्यामागे सर्वांत ठळक कारण निघाले ते आजारपण आणि त्याचा खर्च. भारतापुरता २०११-१२ च्या आकडेवारीवर झालेला दुसरा अभ्यास सांगतो की त्या एका वर्षात खिशातून केलेल्या औषधोपचाराच्या खर्चाने साडेपाच कोटी लोक दारिद्र्यात ढकलले गेले, आणि त्यातल्या पावणेचार कोटींच्या वर लोकांना एकट्या औषधांच्या खर्चाने तिथे नेले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कवच आता पाच लाखांचे आणि सर्व कुटुंबांना खुले झाले, ही मोठी गोष्ट आहे. पण ती भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. रोजच्या मधुमेहाच्या गोळ्या, तालुक्याला जायचे भाडे आणि बुडालेला रोज यांना तिचा आधार नाही, आणि घर पोखरले जाते ते बहुधा तिथूनच.

शहरात हा कोसळण्याचा वेग आणखी जास्त. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व विभाग शहरात तळाला होता. तिथे घरकाम, कचरावेचणी, जरीकाम, हातगाडी यांवर घरे चालतात. महिन्याची मिळकत बीडच्या मजुराहून जास्त, पण अंगाखाली जमीन नाही, घरात धान्याची कणगी नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आठवडाभरात ती मिळकत शून्य झाली. त्याच वर्षी मे महिन्यात जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी चालत निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपेत मालगाडीखाली गेले. ते बेकार नव्हते, कमावते होते, आणि कामाच्या गावी त्यांच्या नावावर कुठलाच आधार नव्हता.

यावर उपाय शोधताना महाराष्ट्राने स्वतःच्याच इतिहासाकडे वळावे. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक प्रयोग करून पाहिला: काम मागेल त्याला काम. १९७२ च्या दुष्काळात त्या कल्पनेने राज्य तरले. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती, खडी फोडत, पाझर तलाव खोदत, नाल्यांना बांध घालत. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, केंद्राच्या २००५ च्या कायद्याच्या पाव शतक आधी. शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय करातून खेड्यातल्या मजुरीला पैसा गेला. या योजनेचे सर्वांत मोठे शहाणपण असे की तिने कोणाकडे उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. जो कामावर येईल तो गरजू, एवढाच निकष. गेल्या वर्षी बरा असलेला शेतकरी यंदा पीक बुडाले तर यायचा आणि पुढच्या वर्षी पाऊस पडला की आपल्या रानात जायचा. माणसाच्या हलत्या परिस्थितीबरोबर हलणारी दुसरी योजना या राज्याने अजून आखलेली नाही. पुढे मजुरी थकवणे, कामे न काढणे आणि बनावट हजेऱ्या यांनी तिला पोखरले, तो कल्पनेचा दोष नव्हता.

लाडकी बहीण योजनेचा पुरस्कार करणारे म्हणतील की मर्यादा अडीच लाखांवर नेऊन शासनाने हाच धडा घेतला. काही अंशी ते बरोबर आहे, आणि बाईच्या स्वतःच्या खात्यात दरमहा १५०० रुपये जाणे याचे मोल कमी लेखू नये. पण एकल ऊसतोड महिलेला आणि नोकरदार सासर असलेल्या सुनेला सारखीच रक्कम मिळते तेव्हा जोखमीचा विचार झालेला नसतो. साठी ओलांडलेल्यांच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा अजूनही ७९ वर्षांपर्यंत महिन्याला २०० रुपये आहे, ही रक्कम जाग्यावरून हललेली नाही.

हेरंब कुलकर्णी यांनी 'दारिद्र्याची शोधयात्रा'साठी २४ जिल्ह्यांतली १२५ गावे पालथी घातली. त्यांनी जे पायी फिरून पाहिले ते शासनाच्या यंत्रणेने आकड्यांत पाहायला हवे. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने २०२५ मध्ये देशातल्या पहिल्या कुटुंब-उत्पन्न सर्वेक्षणाची घोषणा केली आणि ते २०२६ मध्ये घ्यायचे ठरवले. महाराष्ट्राने त्याला आपला स्वतंत्र, मोठा नमुना जोडावा, जिल्हाच नव्हे तर तालुक्यांचे गट कळतील एवढा. कुटुंबाला वर्षाचा एक आकडा न विचारता महिन्यांप्रमाणे मिळकत विचारावी, उचल आणि तिची फेड वेगळी नोंदवावी, गेल्या पाच वर्षांत घर कशामुळे खाली किंवा वर गेले ते विचारावे. ऑक्टोबर ते एप्रिल गावातल्या घरांना कुलपे असतात, म्हणून प्रगणकांनी उसाच्या फडातल्या कोपींवर आणि वीटभट्ट्यांवर जावे. कातकरी, कोलाम, माडिया, पारधी यांची संख्या थोडी असल्याने सर्वसाधारण नमुन्यात त्यांची दोन-चार घरेच येतील, त्यांच्यासाठी वेगळी पाहणी हवी. पारध्यांसारख्यांकडे पूर्वजांच्या वास्तव्याचे पुरावे नसतात, तेव्हा कागदाची अट न घालता त्यांची नोंद व्हावी.

आणि सर्वेक्षणाची वाट न पाहता करण्यासारखे एक काम आहे. निराधार योजनेची २१ हजारांची मर्यादा काढून विधवा, परित्यक्ता आणि एकट्या बायकांना उत्पन्नाच्या दाखल्याशिवाय ते अनुदान मिळावे, जसे पागे यांच्या योजनेत काम मिळत होते. नोकरी, निवृत्तिवेतन किंवा आयकर असलेल्यांना वगळायला शासनाकडे नोंदी आहेतच. त्यासाठी येत्या अर्थसंकल्पात तरतूद करता येईल, आणि राज्यातल्या प्रत्येक तहसील कार्यालयात रोज लिहिल्या जाणाऱ्या खोट्या आकड्यांची गरज तेवढ्यापुरती तरी संपेल.